‘क’साठी खरे मानू या

गणिती विगमनाची सिद्धता शिकताना विद्यार्थी अडतो तो बहुधा एकाच वाक्यापाशी: ‘हे विधान क या संख्येसाठी खरे आहे असे मानू.’ जे सिद्ध करावयाचे तेच मानून मोकळे झालो, तर सिद्ध काय केले? शंका रास्त आहे. आपले नैयायिक अशा दोषाला आत्माश्रय म्हणतात. मदत मागावयास आलेल्या मुलाला ‘रीतच तशी आहे’ असे सांगून वाटेला लावणे आम्हांस पटत नाही. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथराव परांजपे याच जिल्ह्यातल्या मुर्डीचे; तेव्हा येथे तरी गणिताचे भय नको!

मूठभर सुपाऱ्या घ्याव्यात. एक ठेवा. तिच्या उजवीकडे, खाली आणि कोपऱ्यात अशा तीन मांडा; दोन-दोनांचा चौरस झाला. भोवती आणखी पाच मांडल्या की तीन-तीनांचा होतो. १ पासूनच्या विषम संख्या क्रमाने मिळवाव्यात, वर्गसंख्या येते. पण शंभराव्या खेपेसही येईल कशावरून? नुसत्या पडताळ्यावर विसंबू नये. ऑयलरच्या नावाने प्रसिद्ध असलेली न² + न + ४१ ही राशी पाहा. न च्या जागी ० ते ३९ पैकी काहीही घाला, मूळ संख्याच मिळते. चाळीस वेळा खरी ठरून ती ४० ला दगा देते: १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग.

आता समजा, क ओळींचा चौरस जमला आहे. पुढच्यासाठी उजवीकडे क, खाली क आणि कोपऱ्यात एक, अशा २क + १ सुपाऱ्या हव्यात. आणि क व्या विषम संख्येनंतरची विषम संख्या नेमकी तीच! चौरस जमलाच आहे असे आपण म्हटले नाही. ‘जमला असेल, तर पुढचाही जमेल’ एवढाच करार केला. क कोणताही असो, करार तोच.

पहिली सुपारी मात्र खरोखर ठेवावी लागते. ‘प्रत्येक संख्या आपल्या पुढच्या संख्येएवढी असते’ हे क साठी मानून दोन्हीकडे एक मिळवा. करार बिनचूक पाळला जातो! पण १ काही २ एवढा नाही.

ज्यांना हात चालवावयाचा असेल त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला (११५०) नियम घ्यावा: १ पासूनच्या घनांची बेरीज म्हणजे त्याच संख्यांच्या बेरजेचा वर्ग. १ + ८ + २७ म्हणजे ३६, सहा-सहांचा चौरस. त्याभोवती चाराच्या घनाइतक्या, म्हणजे ६४ सुपाऱ्या, मांडून दहा-दहांचा चौरस होतो का, हे घरी पाहावे.