चिप आहे, पण वाचणार कोण?

दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा दार उघडे दिसताच पळत सुटतो आणि अंधेरी-बोरिवलीच्या गर्दीत दिसेनासा होतो. अनेक मालकांची भिस्त मायक्रोचिपवर असते. मात्र तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमध्ये बॅटरी नसते. ती ठावठिकाणा कळवत नाही. स्कॅनर अगदी जवळ नेल्यावरच तिचा १५ अंकी क्रमांक वाचता येतो. त्यापुढे मालकाचा जुनाच दूरध्वनी नोंदलेला असेल, तर तोही निरुपयोगी. शिवाय रस्त्यावरच्या माणसाकडे स्कॅनर कुठला? जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरील २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडची ओळखपत्रे बांधण्यात आली. मोबाइलने कोड वाचताच लसीकरणाची माहिती आणि संपर्क क्रमांक मिळावा, अशी ही सोय. घरच्या लाडक्याच्या पट्ट्याला मात्र बहुधा नुसते घुंगरूच असते.