शर्यतीची मोटार कशी पाहावी?

मोटारींची शर्यत पाहायला निघालो म्हटले की घरची वडीलधारी माणसे विचारतात, “अरे, त्यात पाहायचे काय? गाडी आली आणि गेली!” हा प्रश्न अगदीच गैर नाही. न समजता पाहिले तर खरोखरच धूळ, आवाज आणि ऊन यांपलीकडे पदरात काही पडत नाही. म्हणून, वाचकहो, शर्यतमार्गावर नेमके काय पाहावे, ते आज थोडक्यात सांगतो.

आधी माझी अडचण सांगितली पाहिजे. डोंबिवलीला राहणारा माझा भाचा मोटारींचा भारी वेडा. त्याचे वडील कल्याणजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यात कामाला होते. कुर्ल्यात फियाट बनवणाऱ्या या कंपनीची ‘प्यूजो ३०९’ ही गाडी १९९० नंतरच्या दशकात तिथे तयार होत असे. तेव्हा वेड घरातच होते म्हणा ना! पण पोरे रात्री शीळच्या रस्त्यावर पैजा लावू लागली आणि एका मित्राचा पाय दोन ठिकाणी मोडला, तेव्हा बहीण मला म्हणाली, “दादा, आता तूच सांग त्याला.” चाळीशी उलटलेल्या प्राध्यापकाचे व्याख्यान विशीतला मुलगा किती ऐकणार? मी त्याला कल्याणला गाडीत बसवले आणि थेट चेन्नईला नेले.

चेन्नईच का? बंगळूरच्या रस्त्यावर इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९० पासून पक्का शर्यतमार्ग आहे. त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. त्याआधी मद्रासच्या शर्यती शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाच्या धावपट्टीवर होत. मुंबईतही एके काळी जुहूच्या विमानतळावर मोटारी पळाल्या आहेत. इंग्लंडमधले सिल्व्हरस्टोन हेसुद्धा मूळचे युद्धकाळातले विमानतळच. १३ मे १९५० रोजी जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत तिथे झाली. कारण उघड आहे. लांब, सपाट आणि डांबरी जागा आयती मिळे.

अशी एक धावपट्टी आपल्या कल्याणजवळ नेवाळीलाही आहे. युद्धकाळात ब्रिटिश सरकारने त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. त्या जमिनींचा वाद इतका चिघळला की २०१७ साली तिथे मोठे आंदोलन पेटले. तेव्हा मोकळी धावपट्टी दिसली की ‘इथे शर्यत भरवा’ असे म्हणण्यापूर्वी त्या मातीचा इतिहास विचारलेला बरा.

आता शर्यतीकडे वळू. नवखा प्रेक्षक सरळ पट्ट्याशेजारी जागा धरतो, कारण वेग तिथे जास्त. तुम्ही मात्र वळणाशी बसा. सरळ रस्त्यावर इंजिनाची परीक्षा होते, चालकाची परीक्षा वळणावर. वळणाआधी तो गाडी रस्त्याच्या बाहेरच्या कडेला नेतो, मध्यावर आतल्या कडेला अगदी चाटून जातो आणि पुन्हा बाहेर येतो. हा नखरा नव्हे, हे गणित आहे. अशाने वळणाची त्रिज्या वाढते. त्रिज्या दुप्पट झाली तर तेवढ्याच पकडीच्या टायरांवर वेग सुमारे १.४ पट ठेवता येतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक कुठे लागतो ते नीट पाहा. कसलेला चालक प्रत्येक फेरीत जवळजवळ त्याच खुणेपाशी ब्रेक लावतो, वेग आधी उतरवतो आणि वळण संपता संपता पुन्हा चढवतो. जो लोभाने उशीर करतो तो वळणात रुंद जातो आणि मागचा त्याला आतून गाठतो.

याचे कारण पोरांनी पाठच करावे. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने चाललेली मोटार ब्रेक लागल्यावर सुमारे १४ मीटरमध्ये थांबेल. १०० ने चाललेलीला ५६ मीटर लागतील. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर पहिली आणखी १४ आणि दुसरी आणखी २८ मीटर पुढे जाते. म्हणजे २८ मीटर विरुद्ध ८४ मीटर!

तिसरी गोष्ट निशाणांची. हिरवे म्हणजे मार्ग मोकळा. पिवळे म्हणजे पुढे धोका, कुणाला मागे टाकायचे नाही. निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, वाट द्या. लाल म्हणजे शर्यत थांबली. आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींचे म्हणजे शर्यत संपली.

आमच्या समोरच एक गाडी गरकन फिरली आणि मार्गाबाहेरच्या मातीत घुसली. क्षणात पिवळी निशाणे हलू लागली आणि मागून येणारे सगळे सावध झाले. चालक पट्टे सोडून, शिरस्त्राण सावरत चालत बाहेर आला. भाचा तोवर उभा राहून ओरडत होता, तो एकदम खाली बसला. पुढच्या फेऱ्यांत तो गाड्यांपेक्षा निशाणे धरणाऱ्या माणसांकडेच जास्त पाहत होता. मी काही बोललो नाही.

परतीच्या प्रवासात, रात्री वरच्या बाकावरून त्याचा आवाज आला, “मामा, तिथे सगळ्यांना वळण कुठे आहे ते माहीत असतं. रिकामी जागा ठेवलेली असते, डॉक्टर उभा असतो. आमच्या रस्त्यावर समोरून भाजीचा टेम्पो येतो.” मी म्हटले, “आणि टेम्पोवाल्याला पिवळं निशाण कोण दाखवणार?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पुढच्या वेळी सगळ्यांनाच नेऊ या का?”

तुम्हीही जमल्यास एकदा जा. डोक्याला टोपी, कानांत घालायला कापूस आणि भरपूर पाणी बरोबर घ्या. आपला भाचा किंवा पुतण्या असेल तर त्यालाही न्या, आणि जागा वळणाशीच धरा.