रिमोटच्या मोटारीचे शॉकअप : उघडावे कसे, जुळवावे कसे?



बँकेतला माणूस म्हणजे तो बचतीवर लिहिणार, अशी आपली समजूत असेल. परंतु प्रस्तुत लेख शॉकअपवर आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे.

दोन वर्षांपूर्वी तुळजापूरचा घाट उतरताना आमची मोटारसायकल घसरली व सौ.चा हात मोडला. पुढच्या शॉकअपचे तेल गळते आहे, असे मिस्त्रीने महिनाभर आधीच सांगितले होते. 'गाडी चालते आहे ना' म्हणून मी टाळाटाळ केली. खड्डा लागल्यावर चाक टुणटुण उडत राहिले, ब्रेक दाबूनही रस्ता धरीना. स्प्रिंग तर शाबूत होती; मग असे का व्हावे? याचे उत्तर मला पुढे दिवाळीत मिळाले, तेही पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवाच्या रिमोटवरील मोटारीमुळे.

या मोटारींना निव्वळ खेळणे समजू नये. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली 'पोर्शे ९३४' ही एक-बारांश आकाराची मोटार काढली, तेव्हापासून हा छंद जगभर पसरला. आपल्याकडेही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या महोत्सवांत अशा मोटारींच्या शर्यती होतात. त्यांचा बोटाएवढा शॉकअप मोठ्या गाडीच्याच तत्त्वावर चालतो.

स्प्रिंग म्हणजे जणू बँकेतील ठेव. दाबताना दिलेली शक्ती ती जवळजवळ सगळी परत करते, म्हणून गाडी उडत राहते. ती शक्ती खर्ची टाकण्याचे काम तेलाचे. नळीत दट्ट्या असतो, त्याला बारीक छिद्रे असतात. छिद्रांतून तेल रेटले जाताना शक्तीची उष्णता होते व उसळी जिरते. तेल गळाले की खर्च थांबतो, आणि चाक रस्ता सोडते.

आता दुरुस्ती. प्रथम स्प्रिंग काढावी, वरचे झाकण उघडून जुने तेल ओतून टाकावे व सर्व भाग स्वच्छ पुसावेत. दांड्यावर ओरखडा असेल तर दांडा बदलावा, अन्यथा नवी रबरी कडीही लवकरच कापली जाते. गळतीचे मूळ बहुधा ही कडीच असते. नवी कडी तेलाचे बोट लावून बसवावी. दट्ट्या तळाशी ओढून नळी सिलिकॉन तेलाने काठोकाठ भरावी. दट्ट्या तेलाबाहेर येऊ न देता सावकाश खालीवर करावा व पाच-दहा मिनिटे नळी उभी ठेवावी, म्हणजे बुडबुडे वर येतात. येथे घाई करू नये. हवा सहज दबते. ती आत राहिली तर दट्ट्याला काही अंतर विरोधच होत नाही. शेवटी रबरी पडदा व झाकण बसवावे, जादा तेल बाहेर येऊ द्यावे. दांडा पूर्ण आत दाबून सोडला असता डाव्या-उजव्या जोडीचा दांडा सारखाच परत आला पाहिजे.

जुळवणी करताना एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाचा आला हे कळत नाही. मोटार टेबलावर वीतभर उंचीवरून सोडावी. ती एकदा दबून स्थिर झाली तर ठीक. उडत राहिली तर तेल पातळ, दबायलाच तयार नसेल तर घट्ट. उन्हाने तेल पातळ होते, म्हणून मे महिन्यात थोडे घट्ट तेल लागते. छिद्रे फार बारीक असतील तर उंच उडीनंतर तेल वेळेत वाट काढू शकत नाही व शॉकअप दगडासारखा आदळतो. तेथे मोठी छिद्रे व घट्ट तेल बरे. खडबडीत मैदानावर मऊ स्प्रिंग, गुळगुळीत मैदानावर कडक. पुढची स्प्रिंग मऊ केली की मोटार अधिक वळते; मागची मऊ केली की मागची चाके जमीन अधिक धरतात. स्प्रिंगखाली चकत्या घातल्याने ती कडक होते, हा मात्र गैरसमज आहे. त्याने केवळ मोटारीची उंची वाढते.

मी पूर्वी मुलाला 'खेळणी खोलत बसू नकोस' म्हणून रागावत असे. चार रबरी कड्या व छोटी तेलाची बाटली एवढ्या खर्चात त्याने मोटार नवी केली, आणि आपल्या आईचा हात का मोडला हेही मला समजावून दिले. मी ऐकून घेतले. दुसऱ्याच दिवशी मोटारसायकल मिस्त्रीकडे नेली व समोर उभे राहून सील आणि तेल बदलून घेतले.

आपणांस एवढीच विनंती, की गाडीच्या पुढच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर काम उद्यावर ढकलू नका. आणि आपल्या पाल्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसला, तर रागावण्यापूर्वी क्षणभर त्याच्याजवळ बसा.