उद्योगांतील उत्साह आणि माणसांच्या ओळखी

भरताच्या नाट्यशास्त्रांत वीररसाचा स्थायीभाव म्हणून उत्साहाची गणना केलेली आहे, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेलच. स्थायी म्हटला म्हणजे तो कधींच न विझणारा, अशी समजूत होण्याचा संभव आहे. परंतु शास्त्राचा आशय तसा नाहीं. तो अंतःकरणांत सुप्त असतो, आणि विभावाचें साहाय्य मिळालें म्हणजेच प्रकट होतो. रणांगणावरील वीरास समोर शत्रु तरी दिसत असतो. स्वतंत्र धंदा करणाऱ्यास बहुधा तेंही भाग्य नसतें. नोकरींत वरिष्ठ रागें भरतो, सोबती थट्टा करतो, महिनाअखेर वेतन येतें. कांहींना कांहीं घडत राहतें. स्वतःच्या हिमतीवर उद्योग करणारा मात्र दिवसचे दिवस एकटा असतो. भांडवल संपण्यापूर्वींच उमेद संपल्यामुळें बंद पडलेले उद्योग आमच्या पाहण्यांत थोडेथोडके नाहींत.

व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम इत्यादि समाजमाध्यमांचा या एकटेपणावर कांहीं उपयोग होतो काय, हा प्रश्न आम्ही कोकणांतील हापूस आंब्याच्या उदाहरणानें विचारांत घेतों. आमच्या वाचकांच्या घरीं उन्हाळ्यांत एखादी तरी पेटी येतच असेल. पण ती पाठविणाऱ्याचें वर्ष कसें जातें याची कल्पना थोड्यांसच असते.

थंडी पडली म्हणजे कलमांस मोहोर येऊं लागतो. त्या दिवसापासून बागाईतदाराच्या जिवास स्वस्थता नाहीं. तुडतुडे व फुलकिडे यांवर फवारण्या कराव्या लागतात, राखणीस गडी ठेवावे लागतात, आणि अवकाळी पावसाची एक सर आली तर मोहोर काळा पडतो. खर्च वर्षभर चालू. उत्पन्न मात्र मुख्यतः एप्रिल-मे या दोन महिन्यांत. पूर्वींची सर्वसाधारण रीत अशी, कीं फवारणीच्या औषधांसाठीं वाशीच्या व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घ्यावी, हंगामांत पेट्या त्याच्याकडेच धाडाव्या, आणि कालांतरानें येणारी हिशेबाची पट्टी मुकाट्यानें वाचावी. पट्टींत दर असे, दलाली असे, हमाली असे. आंबा कोणाच्या पानांत पडला व खाणाऱ्यास तो कसा लागला, हें मात्र तींत कोठेंही लिहिलेलें नसे. ज्या फळासाठीं वर्ष झिजवलें त्याची पावती केवळ आंकड्यांत मिळावी, हें दुःख पैशाच्या दुःखाहून निराळें आहे. दलालांशिवाय एवढ्या मालाचा उठाव होणें कठीण, हेंही येथें सांगितलें पाहिजे. त्यांना दूषण देण्याचा आमचा हेतु नाहीं.

२०२० सालच्या २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. मग अनेक बागाईतदारांनीं मुंबई-पुण्याच्या आप्तेष्टांस व्हॉट्सॲपवर निरोप धाडले, आणि गृहनिर्माण संस्थांतील बिऱ्हाडांनीं एकत्र मागणी नोंदवून पेट्या थेट फाटकापाशीं उतरवून घेतल्या. थेट विक्री त्यापूर्वींही कांहीं जण करीत. पण त्या वर्षीं ती पुष्कळांच्या अंगवळणीं पडली. पट्टीच्या जागीं घरोघरचीं उत्तरें येऊं लागलीं. आजीनें रस काढला, नातवानें कोय चोखून पांढरी केली, अशीं छायाचित्रें आलीं.

त्यांचें मोल पुढल्याच वर्षीं कळलें. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळानें कोकण किनाऱ्यास झोडपलें व झाडावरचा आंबा जमिनीवर आणला. आमच्या दूरच्या नात्यांतील एक बागाईतदार तेव्हां बाग खंडानें देऊन टाकण्याच्या विचारास आले होते. वादळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं वीज आली, फोन सुरू झाला, आणि पाहतात तों तीस-चाळीस निरोप येऊन पडलेले. पेटीची चौकशी फारच थोड्यांत होती. बहुतेकांनीं, "घर सुखरूप आहे ना? कलमें किती पडलीं?" एवढेंच विचारलें होतें. ठाण्याच्या एका बाईंनीं तर, "दादा, पुढल्या वर्षाच्या दोन पेट्यांचे पैसे आतांच घेऊन ठेवा," असें लिहिलें होतें. दोन पेट्यांच्या पैशांनीं बाग उभी राहत नाहीं, हें गृहस्थांसही कळत होतें. तथापि खंडाची बोलणी त्यांनीं थांबविलीं, आणि मोडलेल्या फांद्या तोडण्यास माणसें बोलावलीं. बाग अद्याप त्यांच्याकडेच आहे.

अशी ओळख जोडावी कशी, हें शिकावयाचें असेल तर साक्याचें प्रकरण पहावें. हापुसांत साका नांवाचा एक दोष असतो. फळ बाहेरून निर्दोष, सोनेरी. कापलें म्हणजे आंत पांढुरका, चिवट, आंबूस गर. नुसत्या डोळ्यांनीं वरून तो ओळखतां येत नाहीं. एका गिऱ्हाइकानें याच बागाईतदारांच्या शंभर-सव्वाशें जणांच्या गटावर अशा कापलेल्या फळाचें छायाचित्र टाकलें, आणि खालीं दोन कडक शब्द लिहिले. मुलगा म्हणाला, "बाबा, तें चित्र काढून टाकतों." वडिलांनीं तसें होऊं दिलें नाहीं. साका म्हणजे काय, हें चार ओळींत सर्वांस समजावून सांगितलें. अशीं फळें निघाल्यास कळवावें, पुढल्या गाडीनें बदली धाडूं, असें लिहिलें, आणि त्याप्रमाणें धाडलीं. त्यानंतर दुसऱ्या एका गिऱ्हाइकानें लिहिलें, "आमच्याही पेटींत एक निघाला होता, पण बाकीचे उत्तम होते." दोष दडविला असता तर हें वाक्य कोणी लिहिलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. परप्रांतीचा आंबा देवगडचा म्हणून खपविला जातो, ही ओरड जुनीच आहे. २०१८ सालीं कोकणच्या हापुसास भौगोलिक मानांकन मिळालें, तरी गिऱ्हाईक शेवटीं माणसाच्या शब्दावरच विसंबतें.

नवें गिऱ्हाईक बहुधा निकटच्या आप्तांकडून येत नाहीं, हीही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९७३ सालीं आपल्या प्रसिद्ध निबंधांत दाखविलें, कीं ओळखीनें नोकरी मिळविलेल्यांपैकीं ज्यांची त्या ओळखीच्या माणसाशीं वारंवार भेट होई असे शेंकडा १७ च्या आंतच होते. अर्ध्याहून अधिकांची भेट केवळ प्रसंगोपात्त होई. कारण उघड आहे. जिवलगांस जें ठाऊक तें आपणांसही ठाऊकच असतें. बातमी आणतो तो दूरचा माणूस. २०२२ सालीं लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सभासदांवरील प्रयोगांतही मध्यम शिथिल ओळखीच अधिक फलदायी ठरल्या. वहिनींच्या कचेरींतील सोबतीण, तिची शेजारीण, अशा वाटेनें पेटी फिरते. मात्र रोज प्रातःकाळीं फुलांच्या चित्रावर "सुप्रभात" छापून शंभर जणांस धाडल्यानें ओळख वाढते असा कित्येकांचा समज आहे, त्यास आम्हांस तरी आधार सांपडलेला नाहीं.

आंकड्यांचा मोह हा याहून घातक. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाच्या मतें मनुष्यास खऱ्या अर्थानें संबंध राखतां येतो तो सुमारें १५० जणांशीं. दहा हजार फॉलोअर मिळाले, आणि त्यांतील एकाचेंही नांव स्मरेना, तर वादळाच्या दुसऱ्या दिवशीं विचारपूस कोण करणार? अमुक चित्रास किती अंगठे मिळाले हें दर तासास पाहणाऱ्याची उमेद वाढत नाहीं, खालावते.

आतां घरांतील वडीलधाऱ्यांस दोन शब्द. नोकरीपेशाच्या आपल्या घरांतून हातांत फोन दिसला कीं आळस, असें समीकरण बसून गेलें आहे. सूनबाई फराळाच्या मागण्या नोंदवीत असतात, आणि दिवाणखान्यांतून टोमणा येतो. तिच्या उत्साहाचा पहिला विभाव घरांतच असावयास नको काय? आजोबांस दुपारीं वेळ असतो, भाषा शुद्ध असते. चार गिऱ्हाइकांस उत्तरें लिहिण्याचें काम त्यांनीं खुशाल अंगावर घ्यावें. जेवणाच्या पाटावर मात्र फोन असूं नये, मग मागणी कोणाचीही असो.

एक व्यावहारिक सूचना राहिली. हीं माध्यमें परक्याच्या मालकीचीं आहेत. टिकटॉकवर सरकारनें २९ जून २०२० रोजीं बंदी घातली, तेव्हां त्यावर उभे केलेले कित्येकांचे संसार उघडे पडले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप हीं तिन्ही सुमारें सहा तास बंद पडलीं होतीं. म्हणून साध्या कागदाची एक वही घरांत असावी. तींत प्रत्येक गिऱ्हाइकाचें नांव, पत्ता, फोनचा क्रमांक, घरांत माणसें किती, आंबा तयार हवा कीं आढींत घालण्याजोगा, आणि मागील खेपेस साका निघाला होता काय, एवढें टिपलेलें असावें.