तिसरी सही

डिचोली तालुक्यातील सुर्ला हे आमचे मूळ गाव. साखळीकडून येताना एका अंगाला कुळागरांची गर्द सावली आणि दुसऱ्या अंगाला, खाणी चालू होत्या त्या काळी, मालाच्या ट्रकांनी उडविलेली तांबडी धूळ, असे त्याचे चित्र बालपणापासून डोळ्यांपुढे आहे. गोवा मुक्त झाल्यावर वडिलांनी नोकरीनिमित्त बडोदे गाठले; पण आम्हां मुलांची मे महिन्याची सुटी मात्र सुर्ल्याला आत्याच्या घरीच जाई. आत्याच्या फडताळात एक पितळी डबा असे. त्या डब्यात, जुन्या पोथीच्या दोन पानांमध्ये, घडी न घातलेली एक नोट ठेवलेली होती. तीस एस्कुदोंची.

एस्कुदो हे नाव आज गोव्याबाहेरच्या पुष्कळ वाचकांना अपरिचित असेल. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात रुपिया चाले, सोळा टांगांचा. पुढे सहा एस्कुदोंना एक रुपिया असा हिशेब ठरवून नवे चलन आणले गेले आणि २ जानेवारी १९५९ ही तारीख छापलेल्या नोटा निघाल्या. त्या तीस, साठ, शंभर, तीनशे, सहाशे आणि हजार एस्कुदोंच्या होत्या आणि त्यांवर आफोंसो द आल्बुकर्कची तसबीर होती. नोटा काढणाऱ्या बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेचे मुख्य ठाणे लिस्बनला. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता गेली आणि तीन वर्षेही पुरती न वापरलेल्या त्या चलनाची जागा १९६२ मध्ये भारतीय रुपयाने घेतली.

आत्याची नोट १९६१ च्या भाऊबीजेची. वडील त्या वेळी खाणीवर कारकून होते. पाच रुपियांच्या मोलाची ओवाळणी म्हणजे त्यांच्या पगाराच्या मानाने थोडी नव्हे. तबकात टाकण्यापूर्वी त्यांनी नोटेच्या कोऱ्या कडेवर दौतीच्या शाईने लिहिले, ‘चि. सौ. ताईस ओवाळणी, कार्तिक शुद्ध द्वितीया, शके १८८३’, आणि खाली झोकदार सही केली. वर म्हणाले, “बँकेच्या दोन सह्या आहेतच, ही तिसरी माझी. आता हिला खर्चायचे धैर्य तुला होणार नाही.” सव्वा महिन्यात राज्यच बदलले. घरातल्या बाकी नोटा बदलून आल्या, ही तेवढी राहिली.

नोटांवरील सह्या जमविण्याचा छंद मला पुढे महाविद्यालयात असताना जडला. हा छंद ऐकून लोक हसतात. वास्तविक नोट म्हणजे सही केलेली चिठ्ठीच नव्हे काय? धारकाला अमुक रुपये अदा करण्याचे वचन रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर देतो आणि खाली त्याची सही असते. एक रुपयाची नोट बँकेची नसून सरकारची. म्हणून तिच्यावर ते वचन नाही आणि सही अर्थखात्याच्या सचिवाची. सह्यांच्या मागे लागलेला माणूस असा हळूहळू इतिहासात ओढला जातो. पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ यांची सही असलेली नोट कितीही शोधली तरी मिळायची नाही, कारण बँकेची पहिली नोट १९३८ च्या जानेवारीत निघाली आणि ते १९३७ मध्येच पायउतार झाले होते. पहिली सही सर जेम्स टेलर यांची.

आपल्या माणसांना विशेष जिव्हाळा वाटावा ती सही चिंतामणराव देशमुखांची. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा माणूस १९४३ च्या ऑगस्टमध्ये पहिला भारतीय गव्हर्नर झाला. वर सहाव्या जॉर्ज बादशहाचा मुखवटा आणि खाली देशमुखांची सही, अशी नोट प्रथम हाती आली तेव्हा मी ती बराच वेळ नुसती पाहत बसलो होतो. फाळणीनंतर काही महिने पाकिस्तानचे चलनही रिझर्व्ह बँकच सांभाळीत होती. त्यामुळे ‘पाकिस्तान सरकार’ असा छाप उमटविलेल्या १९४८ च्या नोटांवरही देशमुखांचीच सही दिसते. के. जी. आंबेगावकरांची गंमत निराळी. १९५७ मध्ये ते अवघे दीड महिना गव्हर्नर होते. त्या पदावरील त्यांची सही नोटेवर आलीच नाही. मात्र त्याआधी अर्थसचिव म्हणून केलेली त्यांची सही एक रुपयाच्या नोटेवर सापडते.

ह्या झाल्या छापील सह्या. प्रत्यक्ष हाताने केलेल्या सह्या नोटांवर घेण्याची चालही जुनी आहे. अलास्कातील वैमानिकांनी १९२५ च्या सुमारास ती सुरू केली असे सांगतात. एकत्र उड्डाण करणाऱ्यांनी एकमेकांच्या नोटेवर सह्या करायच्या. पुढे भेट झाल्यावर ज्याला ती नोट दाखविता आली नाही त्याने सर्वांना मद्य पाजायचे. अशा नोटेला ‘शॉर्ट स्नॉर्टर’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात सैनिक देशोदेशींच्या नोटा एकीला एक चिकटवून लांबच लांब पट्टे करीत. हिमालयावरून चीनकडे विमाने नेणाऱ्यांच्या पट्ट्यांत आपल्या रुपयाच्या नोटाही असत. रूझवेल्ट यांचे सहकारी हॅरी हॉपकिन्स यांच्या पट्ट्यावर तर खुद्द रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्या सह्या आहेत.

येथेच या छंदातले दोन पंथ एकमेकांसमोर उभे ठाकतात. नोटा जमविणाऱ्याच्या लेखी पेनाची एक रेघही दोष. सह्या जमविणाऱ्याच्या लेखी ती रेघ हेच मोल. मी कोणत्या पंथाचा, हे एकविसाव्या वर्षी मला कळत नव्हते. १९८३ च्या सुटीत मी आत्याकडून ती नोट ‘किंमत विचारून येतो’ म्हणून मागून आणली. एका व्यापाऱ्याने ती उजेडासमोर धरली आणि म्हटले, “नोट छान आहे, पण लिहिलेली. निम्मी किंमत.” त्या काळी स्टेशनरीच्या दुकानात दोन बाटल्यांतले शाई काढण्याचे औषध मिळे. सही गेली. त्याबरोबर कागदाचा छापील रंगही तेवढ्या जागी पांढरट पडला, तेव्हा मी हात आवरला. उरले ते ओवाळणीचे शब्द, तिथी आणि सहीखालची आडवी रेघ.

नोट परत दिली तेव्हा आत्याने चष्मा पुसून ती दोनदा पाहिली. “जांव दी,” एवढेच म्हणाली आणि डब्यात ठेवली. तिने वडिलांना काही सांगितले नाही आणि मीही नाही. मी विचारले असते तर त्यांनी पुन्हा सही करून दिली असती, हे मला पुढे कितीदा तरी सुचले. पण ते सुचले तेव्हा वडील राहिले नव्हते.

आता कोणी हौशी मुलगा भेटला की मी त्याला चार गोष्टी सांगतो. चालू नोटेवर सही मागू नये. रिझर्व्ह बँकेने १९९९ पासून स्वच्छ नोटांचे धोरण धरले आहे आणि नोटांवर काही लिहू नये असे तिचे सांगणे आहे. सही हवीच तर बाद झालेल्या नोटेवर घ्यावी. तिथेही कायदा पाहावा. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे आणि हजारांच्या नोटा २०१७ च्या कायद्याप्रमाणे सामान्य माणसाला एकंदर दहापर्यंतच जवळ ठेवता येतात, अभ्यासासाठी पंचवीसपर्यंत. चिकटपट्टी लावू नये. कोकणातल्या पावसात नोटा भिंतीच्या कपाटात ठेवू नयेत. आणि औषधाची बाटली घरात आणू नये.

मागल्या दिवाळीत सुर्ल्याला गेलो होतो. आत्याने ऐंशी केव्हाच ओलांडली, दिसते बेताचेच. तिने डबा मागविला. “ही कोणाची ते मला ठाऊक आहे,” ती म्हणाली, “तुझ्या नातवंडांना कोण सांगणार? लिहून ठेव. पण नोटेवर नको.”

मी वहीचे पान फाडून पेन्सिलीने लिहिले: वडिलांचे पूर्ण नाव, आत्याचे नाव, भाऊबीज १९६१. खाली लिहिले, ‘सही मी पुसली, १९८३’, आणि माझी सही केली. आत्याने ती चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावली, मग हातात घेतली, नोटेमागे सरळ करून पोथीच्या पानांत ठेवली आणि डब्याचे झाकण लावले.