बेटावर उरलेला वंश

दोन हजार किलोपर्यंत वजन, नाकाची आखूड सोंड आणि मुक्काम समुद्रात, अशा प्राण्याला इंग्रजीत ‘एलिफंट सील’ म्हणतात. आपण त्याला हत्ती-सील म्हणू. हा मासा नव्हे. म्हशीसारखा पिलाला दूध पाजणारा जीव आहे. सोंड फक्त नराला असते. याची उत्तरेकडील जात अमेरिका व मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर विते.

या मादीच्या दुधाची हकीकत आपल्या म्हैसवाल्यांनी ऐकावी अशी आहे. डेअरीत सात-आठ फॅट लागली की आपली मान ताठ होते. हिच्या दुधात शेवटच्या दिवसांत निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो! पिलू जेमतेम चार आठवडे पिते, पण तेवढ्यात त्याचे वजन तिपटीवर जाते. या काळात आई एक घासही खात नाही. अंगावरची चरबीच दूध होऊन उतरते. पेंडीचा खर्च नाही म्हणून कुणी खूश होऊ नये. महिनाभरात ती वजनाचा तिसरा हिस्सा गमावून बसते.

हीच चरबी तिच्या जिवावर उठली. एकोणिसाव्या शतकात दिव्याच्या व यंत्राच्या तेलासाठी शिकाऱ्यांनी कळपच्या कळप कापले. वाळूवर जड अंगाने पळणार कुठे? जात संपली असेच सगळे समजले. १८९२ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर आठ-नऊ जनावरे दिसली. शोधायला गेलेल्या शास्त्रज्ञांनी त्यांतली सात संग्रहालयासाठी मारली! शिकलेल्या माणसांची ही करणी.

नजरेआड राहिलेली थोडी जनावरे वाचली. १९२२ मध्ये मेक्सिको सरकारने ते बेट राखीव करून शिकार बंद केली. १९७२ मध्ये अमेरिकेनेही समुद्री सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला. कॅलिफोर्नियात पिएद्रास ब्लांकास येथे १९९० मध्ये ही जनावरे पहिल्यांदा किनाऱ्यावर आली. आता तेथे हंगामात हजारो माद्या वितात आणि स्वयंसेवक पाहुण्यांना लांबून दाखवतात. एकूण संख्या दोन लाखांच्या आसपास गेली आहे.

मात्र हा सगळा गोतावळा त्या मूठभर जनावरांचाच. गावचा वळू वेळेवर बदलला नाही तर लेकीला बापच लागतो आणि पुढची पैदास खुजी निघते, हे आपण जाणतो. येथे बदलायला बाहेरचा वळूच नाही. रक्तातली विविधता फार थोडी, म्हणून नवा रोग आला तर काय, ही शास्त्रज्ञांना धास्ती आहे.

रोग काय करतो ते दक्षिणेकडील भाऊबंदांत दिसले. आपल्या नवापूरला २००६ मध्ये ज्याने कोंबड्या मारायला लावल्या, त्याच एच५एन१ बर्ड फ्लूच्या विषाणूने २०२३ मध्ये अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर सतरा हजारांच्या आसपास पिले मारली. त्या हंगामातली शंभरातली पंच्याण्णव. मोठी जनावरेही गेली. पुढल्या वर्षी विण्यासाठी माद्या फार कमी आल्या. वर्षाला एकच पिलू होत असल्याने ही तूट भरायला कित्येक दशके लागतील.