वास्तुक (चाकवत) : हिवाळ्यातील पथ्यशाक आणि वैद्याची परसबाग

हेमंत ऋतूत अग्नी बलवान असतो, हे आपणा सर्वांस ज्ञात आहे. तथापि याच काळात बद्धकोष्ठ, अर्श व मंदावलेली रुची घेऊन येणारे रुग्णही आपल्या चिकित्सालयांत कमी नसतात. अशा रुग्णास आपण ‘पालेभाजी खा’ असे सहज सांगतो. परंतु कोणती भाजी, कोठून आणलेली व कोणत्या संस्काराने सिद्ध केलेली, हे सांगितल्याखेरीज तो सल्ला पथ्य या संज्ञेस पात्र होत नाही. प्रस्तुत लेखात वास्तुक अर्थात चाकवत या थंडीस न डगमगणाऱ्या शाकाचा विचार करावयाचा असून, ते शेतातून न आणता परसबागेत का लावावे, हे आम्हांस मुख्यतः मांडावयाचे आहे.

ग्रंथोक्त विचार

भावप्रकाशाच्या शाकवर्गात वास्तुकाला ‘क्षारपत्र’ व ‘शाकराट्’ असे पर्याय दिले आहेत. त्याचाच मोठ्या पानांचा तांबूस प्रकार ‘गौडवास्तुक’ होय. यवाच्या शेतात प्रायः उगवत असल्याने त्यास ‘यवशाक’ही म्हटले आहे. आजही ते गव्हाच्या शेतात त्याच रीतीने उगवते. सुश्रुतांनी वास्तुक हे कटुविपाकी, सक्षार, कृमिघ्न, रोचन, सर व अग्निबलवर्धक सांगितले आहे. चिल्ली हे शाक वास्तुकासमान जाणावे, असाही त्यांचा निर्देश आहे. आपल्या सीमेपलीकडील गुजराती बांधव चाकवतास ‘चील’ म्हणतात, त्या नावाची या शब्दाशी असलेली जवळीक लक्षणीय आहे.

चरक व वाग्भट यांच्या मांडणीतील एक बारकावा चिकित्सकाच्या विशेष उपयोगाचा आहे. पाठा, शटी, सुनिषण्णक आदी शाकांच्या गटात वास्तुकाची गणना करून तो गट त्रिदोषघ्न व ग्राही सांगितला आहे. मात्र वास्तुक हे मलभेदन करणारे आहे, असा अपवाद लगेच नोंदविला आहे. म्हणजेच त्रिदोषघ्न असूनही ते मलावष्टंभ करीत नाही. चरकांनी अर्शचिकित्सेत दही व स्नेहासह जी शाके योजिली, त्यांत वास्तुकाची कोवळी पाने आहेत, यामागील कारण यातून स्पष्ट होते. उलटपक्षी अतिसार, प्रवाहिका किंवा द्रवमलाच्या अवस्थेत ते देऊ नये, हेही त्यातूनच निष्पन्न होते.

पोषणमूल्य

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या प्रचलित जुन्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम चाकवताच्या पानांत सुमारे ३.७ ग्रॅम प्रथिने, १५० मिलिग्रॅम कॅल्शियम व ४.२ मिलिग्रॅम लोह असते. त्याच तक्त्यांत पालकाचे आकडे अनुक्रमे २.०, ७३ व १.१४ असे आहेत. अर्थात यातील सर्व लोह शरीरात शोषले जात नाही, म्हणून सोबत लिंबू अथवा आवळा असावा.

आपल्या जिल्ह्यापुरती एक सावधगिरी येथे नोंदविणे आवश्यक आहे. नंदुरबार हा सिकलसेलग्रस्त जिल्हा आहे. पांडुता दिसताच लोहकल्प सुरू करण्याची घाई अशा रुग्णांत करू नये. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णाच्या शरीरात लोहाचा संचय आधीच वाढलेला असू शकतो. प्रथम रक्ततपासणी व्हावी. चाकवत हे त्यांच्या आहारातील एक अन्न आहे, त्या व्याधीचे औषध नव्हे.

शेतातील चाकवत आता का नको

एके काळी गव्हाच्या व हरभऱ्याच्या निंदणीत निघालेले चाकवत घरोघरी भाजीस जात असे. त्यास पेरावे लागत नसे, की विकतही घ्यावे लागत नसे. आज परिस्थिती पालटली आहे. रुंद पानांच्या तणांचा नाश करण्यासाठी गव्हावर पेरणीनंतर सुमारे महिनाभराने २,४-डी किंवा मेटसल्फ्युरॉन मिथाईल ही तणनाशके फवारली जातात, व त्यांच्या लक्ष्य वनस्पतींत चाकवत अग्रभागी आहे. नेमक्या याच सुमारास त्याची पाने खुडण्याजोगी झालेली असतात.

२,४-डीने रोप पिळवटते व वाकते, त्यामुळे ते निदान ओळखता तरी येते. मेटसल्फ्युरॉनचे कार्य संथ आहे. फवारणीनंतर काही दिवस रोप वरकरणी निरोगीच दिसते. अशी जुडी बाजारात आली तर ती नजरेने ओळखणे अशक्य आहे. मिरचीच्या शेतांतील चाकवतास कीटकनाशकांचाही स्पर्श झालेला असतो. ज्या रुग्णास आपण पथ्य म्हणून हे शाक सांगतो, त्याच्या पोटात आपणच विष घालण्यास कारण होऊ नये. म्हणून वास्तुक सांगावयाचे तर ते परसबागेतील सांगावे, असा आमचा आग्रह आहे.

परसबागेतील लागवड

चाकवतास थंडी मानवते. तापीकाठच्या शहादा, तळोदा, नंदुरबार या सपाट भागात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर पेरणी करावी. दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे तीन वाफे पेरल्यास फेब्रुवारीपर्यंत कोवळी भाजी मिळत राहते. सातपुड्यात तोरणमाळ, डाब या परिसरात कडाक्याच्या थंडीत काही वर्षी दवबिंदू गोठतात. वाढलेले चाकवत तेवढा गारठा सहन करते. लहान रोपांवर मात्र रात्री वाळलेल्या गवताचे वा गोणपाटाचे आच्छादन घालावे व सायंकाळी हलके पाणी द्यावे.

आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून वाफा थोडा उंच करून त्यात चाळलेले कुजलेले शेणखत मिसळावे. बी अत्यंत बारीक असते. एक चौरस मीटर वाफ्यास एक ग्रॅम बी पुरे होते. ते वाळूत मिसळून २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरील ओळींत टाकावे व वर अर्धा सेंटिमीटरहून अधिक माती ओढू नये. खोल गेलेले बी उगवत नाही. उगवण एकसारखी होत नाही, यास्तव धीर धरावा. रोपे बोटभर झाल्यावर दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर राखून विरळणी करावी. उपटलेली रोपेही भाजीस चालतात. अंगण नसल्यास वीतभर खोलीची कुंडी किंवा जुने टब वापरावे.

युरिया देऊ नये. ही वनस्पती जमिनीतील नत्र नायट्रेटच्या रूपाने पानांत साठविते, आणि खताचा अतिरेक झाल्यास तो साठा वाढतो. मावा पडल्यास पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा. न आटोपल्यास ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. पस्तीस ते चाळीस दिवसांनी, मुळापासून चार बोटे खोड राखून छाटणी केली असता तीन-चार वेळा फुटवा येतो. ऊन वाढून तुरे दिसू लागले की पान राठ होते, तेव्हा खुडणी थांबवावी. बियांसाठी दोन-तीन झाडे राखून उर्वरित बी गळण्यापूर्वीच काढावीत. अन्यथा पुढील वर्षी सर्व बागेत चाकवतच दिसेल. विकतचे बी हवे असल्यास भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे ‘पुसा बथुआ’ व वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेचे ‘काशी बथुआ’ हे वाण आहेत.

ओळख आणि औषधी विक्रेत्यांस सूचना

खऱ्या चाकवताचे कोवळे पान हंसाच्या पावलासारखे, खालच्या बाजूस पांढरट पिठुळ असते. खोडावर उभ्या रेषा असतात व पान चुरडल्यास उग्र वास येत नाही. शेतातच आढळणारी त्याची खरबरीत बहीण, चिनोपोडियम म्युराले, हिचे पान गडद, चकचकीत व कडांना तीक्ष्ण दातेरी असते. ती वास्तुक म्हणून घेऊ नये.

याहून महत्त्वाचा घोटाळा तिसऱ्या वनस्पतीचा आहे. डिस्फेनिया ॲम्ब्रोसिऑइडिस या मूळच्या अमेरिकी वनस्पतीस पूर्वी चिनोपोडियम ॲम्ब्रोसिऑइडिस म्हणत. तिच्यापासून काढलेले ‘चिनोपोडियम तेल’ विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंकुशकृमींवर सर्रास दिले जाई. त्यातील ॲस्कॅरिडोल या घटकामुळे विषबाधा होत असल्याने पुढे ते मागे पडले. वास्तुक कृमिघ्न आहे, हे वचन वाचून ते तेल वास्तुकाचे समजणे हा गंभीर प्रमाद ठरेल. पान चुरडताच येणारा उग्र वास ही या वनस्पतीची खूण होय. विक्रेत्यांनी वाळलेली पाने वा चूर्ण ‘वास्तुक’ नावाने स्वीकारताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव लेखी मागावे.

संस्कार व पथ्यापथ्य

शाके स्वभावतः गुरू, रूक्ष व विष्टंभी असल्याने ती वाफवून, पिळून, भरपूर स्नेहासह सिद्ध करावीत, असे चरकांनी सांगितले आहे. चाकवतात ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असते, आणि ते पाण्यात उकळून पाणी टाकून दिल्याने त्यातील विद्राव्य अंश उतरतो. ग्रंथोक्त संस्काराचे मोल येथे आधुनिक रसायनशास्त्रानेही सिद्ध होते. पोषक अंश वाया जातो म्हणून भाजीचे पाणी पिण्याचा सल्ला काही जण देतात. चाकवतापुरता तो देऊ नये.

आपल्याकडील ताकातील चाकवत ही पथ्यकल्पनाच होय. उकडून पिळलेली भाजी घोटून, थोडी मुगाची डाळ व बेसन लावून ताकात शिजवावी आणि वरून तूप, जिरे, हिंग व लसणाची फोडणी द्यावी. अर्शात तक्र प्रशस्त, वास्तुक सर व स्नेहाने रूक्षता शमते. असा तिहेरी लाभ होतो. तिखटाचा हात मात्र आवरावा. रक्तार्शात लसूण वर्ज्य करावा व ताक गोड असावे. सोबत ज्वारीची भाकरी द्यावी. दुधासह ही भाजी सांगू नये.

मूत्राश्मरी व वृक्कविकार असलेल्यांनी ती टाळावी. सिकलसेलच्या रुग्णांतही वृक्कांची स्थिती पाहूनच प्रमाण ठरवावे. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी बदलू नये, कारण त्यांतील जीवनसत्त्व ‘के’ने औषधाचे कार्य बाधित होते.

उपसंहार

येत्या कार्तिकात संघटनेच्या प्रत्येक सदस्याने चिकित्सालयाच्या आवारात एक चौरस मीटरचा वाफा पेरावा, अशी आमची विनंती आहे. रुग्णास भाजीचे नाव सांगण्याऐवजी पान हातात देऊन ओळख करून द्यावी, फाल्गुनात बी राखून ठेवावे व पुढील वर्षी चिमूटभर बी लागवडीच्या सूचनेसह त्यास द्यावे. औषधी दुकानांतूनही ही पुडी देता येईल. शेतात आपोआप उगवणारे हे शाक आता तेथे निर्भय राहिलेले नाही; ते निर्विष स्वरूपात रुग्णाच्या ताटापर्यंत पोहोचविणे, हे आपल्या हाती आहे.